नाळ, नळ्या आणि आरएनएवरचे शेरे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. आपण इथे दुष्काळावर बोललो, धरणांवर बोललो, पण मी स्वतः दिवसभर ज्या विषयात डोकं घालून बसते त्याचा इतिहास कधी सांगितला नाही. मी आरएनएवर पीएचडी करतेय. रक्तवाहिन्या म्हाताऱ्या होताना त्यांच्या पेशींमधल्या आरएनएवर काय बदल होतात, असा विषय आहे. वाक्य ऐकूनच तुमचा अंगठा पुढच्या भागाकडे गेला असेल, पण थांबा जरा.

मागच्या दिवाळीत बारामतीला उतरले, इंदापूरची एसटी पकडली, तिथून पुढे गाव. पाय धुवायच्या आत चुलते म्हणाले, "पोरी, किती वर्षं झाली आता? नेमकं करतीस काय गं तिकडं?"

मी म्हटलं, "तात्या, रक्ताच्या नळ्या म्हाताऱ्या का होतात ते बघते."

तात्या हसले. "त्यात काय बघायचं? माणूस म्हातारा झाला की त्याबी होणारच की."

घोळ इथेच आहे. माझे बाबा म्हातारे नव्हते. डिसेंबर २०१९, वय ४६. रात्रीच्या लाइटला उसाला पाणी द्यायला गेले आणि पहाटे बांधावर सापडले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात-पाय गेलेला. अर्धांग. दवाखान्यात बीपी मोजलं, तेव्हा कळलं की ते कित्येक वर्षं वाढलेलं असणार. वजन ५२ किलो. तंबाखू नाही, दारू नाही. आदल्या वर्षी डोकं दुखतं म्हणून एका दवाखान्यात गेले होते, तिथे बीपी न मोजताच दोन गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. एवढ्या सडसडीत माणसाला कशाचं आलंय बीपी, हा हिशेब. खरं सांगायचं तर आमचाही हिशेब तोच होता. घरात जाड माणसांना पथ्य सांगायचं, बारीक माणसाला आणखी एक भाकरी वाढायची.

बाबा आहेत. काठी घेऊन चालतात. पण बारीक माणसाच्या नळ्या एवढ्या लवकर कशा जुन्या झाल्या, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. या प्रश्नाच्या इतिहासातला एक मोठा तुकडा आपल्याच पुणे जिल्ह्यात घडलाय, हे मला पार नंतर कळलं.

आधी नळ्यांचं सांगते. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना पटकन कळेल. नवीन लॅटरल हातात घेतली तर कशी मऊ असते, वाकते, दाबली की परत उठते. चार-पाच उन्हाळे झाले की तीच नळी ताठ होते, आतून क्षार धरतात, वाकवली की तडा जातो. आपली महाधमनी, हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नळी, तरुणपणी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि परत बसते. त्यामुळे पुढच्या बारीक नळ्यांना धक्का कमी बसतो. ती ताठ झाली की प्रत्येक ठोका घणासारखा पुढे जातो, आणि तो मार मेंदू आणि किडनी खातात. रक्तवाहिनीचं म्हातारपण म्हणतात ते मुख्यतः हे.

हे पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांमध्ये एक नाव आहे फ्रेडरिक अकबर महोमेद. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला डॉक्टर, आणि आजोबा कोण, तर पाटण्याहून इंग्लंडला गेलेले शेख दीन महोमेद. या नातवाने १८७० च्या दशकात मनगटावरच्या नाडीचा आलेख कागदावर उमटवणारं यंत्र सुधारलं आणि दाखवलं की वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसांच्या नाडीतही वाढलेल्या दाबाची खूण असते, आणि ती खूण वयस्कर माणसांच्या नाडीसारखी दिसते. १८८४ मध्ये, ३५ व्या वर्षी, तो टायफॉइडने गेला. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची पद्धत यायला अजून बारा वर्षं होती. त्याच्यावर एक वेगळा भाग करायचाय, कुणीतरी आठवण करा.

पुढची शंभर वर्षं सगळ्यांचं लक्ष म्हातारपणावर आणि खाण्यापिण्यावर होतं. मीठ, तूप, सिगारेट, वजन. १९८९ मध्ये डेव्हिड बार्कर नावाच्या इंग्लिश डॉक्टरने वेगळीच वही उघडली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणींच्या मुख्य निरीक्षक बाईंनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन लिहून ठेवायला लावलं होतं. बार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या वहीतली ५,६५४ माणसं शोधली आणि कोण कशाने मेलं ते पाहिलं. बाळपणी ज्यांचं वजन सर्वांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे सर्वांत जास्त. लोकांचा विश्वास बसेना. साठाव्या वर्षीच्या आजाराचा पाळण्याशी काय संबंध?

एक संबंध १९९७ मध्ये मार्टिन आणि ग्रीनवाल्ड या दोघांनी सुचवला. महाधमनीला लवचीक ठेवणारं प्रथिन म्हणजे इलास्टिन. ते बहुतेक सगळं पोटात असताना आणि पहिल्या काही वर्षांत तयार होतं, आणि पुढे जन्मभर तेच पुरवायचं असतं. पोटात वाढ खुंटली तर नळीत माल कमी पडतो, आणि ती लवकर ताठ होते. कल्पनाच होती ती, पण मला वाचताना धस्स झालं. का ते सांगते.

बाबांचा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. म्हणजे ७२ च्या दुष्काळात आजी पोटुशी होती. ती खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, हे ती अजून सांगते. "पोर एवढंसं झालं व्हतं, उंदरावाणी," असं म्हणते आणि हाताने माप दाखवते. तराजू कुठला असायला, हाताचं मापच.

एका माणसाच्या गोष्टीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला माहितेय. माझ्या सरांनी हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणेन. म्हणून तर मोजणी लागते.

आणि मोजणी झाली. आपल्याच जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यातच, आमच्यापासून थोडं वरच्या अंगाला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं वढू इथे ग्रामीण आरोग्याचं काम होतं, डॉ. बानू कोयाजींनी उभं केलेलं. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायकांपासून सुरुवात. दर महिन्याला घरी जाऊन पाळी आली का विचारायचं, दिवस गेले की वजन, उंची, जेवण, काम, रक्त सगळं नोंदवायचं. सुमारे ८०० गरोदरपणं अशी मोजली गेली.

त्या बायकांचं गरोदर होण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचं सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथपर्यंत कुणालाही वाटेल तसंच. पण बाळांच्या कातडीखालची चरबी चिमट्याने मोजली, तर कमी वजनाच्या मानाने चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला काटकुळं, आतून चरबीदार. हे बाळ जगभरच्या पुस्तकांत 'थिन-फॅट बेबी' म्हणून गेलं.

२००४ मध्ये याज्ञिकांनी याच गोष्टीचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. शेजारी शेजारी दोन शास्त्रज्ञ, एक लंडनचे जॉन युडकिन आणि एक स्वतः याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यांनी अंगठ्याचा इमोजी पाठवला. त्यांना तो कळला की नाही, मी विचारलं नाही.

या अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष असे आहेत की आमच्या भागातल्या कुणालाही टोचतील. एक, ज्या आया गरोदरपणात दूध, पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी. दोन, ज्यांच्यावर शेतातली आणि घरातली कष्टाची कामं जास्त, त्यांची बाळं लहान. आता आमचं घर बघा. गोठ्यात दोन जर्सी गाई. सकाळ-संध्याकाळ कॅन भरून दूध डेअरीला. घरात बायकांना कोरा चहा. आई सांगते, माझ्या वेळी ती सातव्या महिन्यापर्यंत खुरपायला जात होती. यात कुणी दुष्ट नव्हतं. दुधाचे पैसे दहा दिवसांनी यायचे आणि त्यावर किराणा चालायचा.

आता इथून आपण नळ्यांकडून रसायनाकडे जाणार आहोत. आणि त्यासाठी आधी मुंबईला, बरीच वर्षं मागे.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणात एक भयंकर पंडुरोग व्हायचा, रक्तपेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या. बायका त्यात मरायच्या. विल्सने त्यांचं जेवण तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये लिहिलं की मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट, उग्र वासाचा लगदा, दिला की बायका बऱ्या होतात. त्यात नेमकं काय आहे हे माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच पुढे फॉलिक अॅसिड ठरलं. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ती लोहाची गोळी मिळते ना, त्यात लोहासोबत जे असतं ते. म्हणजे गिरणगावातल्या बायकांच्या रक्तावरून सापडलेली गोष्ट जगभरच्या गरोदर बायका आज गिळतायत. गिरणीचा इतिहास सांगताना हे कुणी सांगत नाही, संपच सांगतात.

फॉलिक अॅसिडचा जोडीदार म्हणजे बी-१२, तो १९४८ मध्ये वेगळा काढला गेला. हे दोघे मिळून शरीरात एक काम करतात. होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. हे दोघे त्याच्यावर एक छोटा तुकडा चढवतात, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, त्याला मिथाइल म्हणतात. मग तो मिथाइल पुढे सॅम नावाच्या रेणूवर जातो, आणि सॅम शरीरभर फिरून ज्याला लागेल त्याला मिथाइल देतो. एकाच विहिरीतून सगळ्या वाफ्यांना पाणी. बी-१२ कमी पडलं की विहीर आटते आणि होमोसिस्टीन साचतं. १९६९ मध्ये अमेरिकेत किल्मर मॅककली या डॉक्टरने लहान मुलांच्या शवविच्छेदनात पाहिलं की साचलेलं होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांची वाट लावतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या नळ्या म्हाताऱ्यासारख्या.

आणि याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये पुण्याचं चित्र मांडलं. गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग, अशा ४४१ मध्यमवयीन निरोगी पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त. गंमत म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था शहरातल्या मध्यमवर्गाची, ८१ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. कारण बी-१२ भाजीत नसतं. मटण, मासे, अंडी आणि थोडंफार दुधात असतं. २००८ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. सहा गावांतली मुलं सहा वर्षांची झाली होती. ज्यांच्या आयांचं फॉलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. म्हणजे जोडीतला एक बैल ताजा आणि एक थकलेला. गाडी सरळ जात नाही.

इथपर्यंत आरएनए कुठेच आलं नाही, मला माहितेय. आता येतं.

डीएनए आणि आरएनए शाळेत शिकलोय, पण कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी गावी सातबारा वापरते. तहसीलमधलं मूळ दप्तर म्हणजे डीएनए. ते जागेवरून हलत नाही. कुणाला काम पडलं की त्यातला उतारा काढतात, तो उतारा म्हणजे आरएनए, आणि त्यावरून पुढे प्रथिन तयार होतं. मूळ दप्तरात फेरफार झाला तर तो कायमचा. पण समजा क्लार्कने उताऱ्याच्या कडेला पेन्सिलने शेरा मारला, 'तातडीचे', 'रद्द करा', 'बँकेकडे पाठवा'. दप्तर तेच, उतारा तोच, पण कामाची गत बदलली. हे शेरे म्हणजे आरएनएवरचे बदल. (इंदापूरकरांसाठी एक आडवाट. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रजांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवायची जी पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात नेली, ती पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात बसवली. तेव्हा दप्तराचा दाखला आमच्या तालुक्याला नवा नाही.)

पहिला शेरा १९५१ मध्ये दिसला. पेशीतलं आरएनए फोडून त्याचे घटक वेगळे करताना चार अक्षरांच्या जोडीला एक पाचवंच अक्षर निघालं. त्याला पुढे स्यूडोयुरिडीन म्हणू लागले. पन्नासेक वर्षं ती माहितगारांपुरतीच गोष्ट होती. मग २००५ मध्ये कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी दाखवलं की आरएनएतल्या अक्षरांवर असे बदल केले तर शरीर बाहेरून आलेल्या आरएनएवर तुटून पडत नाही. याच जोरावर कोविडच्या आरएनए लशी झाल्या आणि त्या दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे बहुतेकांनी कोविशील्ड घेतली, ती आरएनएची नव्हती. पण पुण्यातल्याच जिनोव्हा कंपनीच्या आरएनए लशीलाही जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली होती.

माझा शेरा वेगळा आहे. त्याचं नाव एम-सिक्स-ए. आरएनएतल्या 'ए' या अक्षरावर चढवलेला मिथाइल. हो, तोच मिथाइल, त्याच विहिरीतला, सॅमने आणून दिलेला. निरोप नेणाऱ्या आरएनएवर तो असतो हे १९७४ मध्ये कळलं. एका उताऱ्यावर सरासरी तीनेक शेरे. तो लिहिणारं प्रथिन १९९७ मध्ये हाती लागलं, आज त्याला मेटल-थ्री म्हणतात. पण लोकांना वाटायचं, असेल काहीतरी सजावट. कारण एकदा लिहिलेला शेरा खोडता येतो की नाही हेच माहीत नव्हतं, आणि जे खोडता येत नाही त्याने पेशी निर्णय तरी कसे बदलणार?

इथे परत पुणे येतं.

२००७ मध्ये ब्रिटनमध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा शोध गाजला. त्याचा एक प्रकार असलेली माणसं सरासरीने जाड. 'लठ्ठपणाचं जनुक' म्हणून पेपरांनी मथळे दिले. २००९ मध्ये याज्ञिकांचा गट आणि हैदराबादच्या सीसीएमबीमधले शास्त्रज्ञ यांनी आपल्या लोकांत ते तपासलं. इथे त्याच जनुकाचा मधुमेहाशी घट्ट संबंध निघाला, आणि वजनाचा हिशेब वजा केला तरी तो संबंध उरत होता. परत तेच, जाडी हे पूर्ण उत्तर नाही. पण हे जनुक करतं काय? २०११ मध्ये शिकागोच्या चुआन ही यांच्या प्रयोगशाळेने सांगितलं की एफटीओ म्हणजे खोडरबर आहे. ते आरएनएवरचा एम-सिक्स-ए पुसतं.

त्या दिवसापासून आमचं क्षेत्र धावायला लागलं. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या आणि न्यूयॉर्कमधल्या दोन गटांनी पेशीतल्या हजारो उताऱ्यांवर हे शेरे कुठे कुठे आहेत याचा नकाशाच काढला. लिहिणारे कोण, खोडणारे कोण, वाचून अंमल करणारे कोण, सगळी कचेरी उलगडली. नंतर काहींनी म्हटलं की एफटीओचं आवडतं काम वेगळाच एक शेजारचा शेरा खोडणं आहे. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मला तो आवडतो, कारण परिषदांमध्ये जेवणाच्या रांगेतही लोक त्यावर भांडतात.

आणि रक्तवाहिन्या? २०१७ मध्ये झीब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या माशात दिसलं की एम-सिक्स-ए लिहिता आलं नाही, तर रक्तवाहिनीच्या अस्तरातून रक्ताच्या मूळ पेशी जन्मच घेत नाहीत. पुढे अस्तराच्या पेशींमध्ये कळलं की नळीला जिथे वळण असतं, फाटा फुटतो, जिथे रक्त गिरक्या घेतं, तिथे मेटल-थ्रीचं काम बदलतं आणि दाह वाढतो. चरबीचे थर तिथेच साचतात. चारीच्या वळणावरच गाळ बसतो तसं. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कुणाकडे शेरे वाढले की नळी बिघडते, कुणाकडे कमी झाले की बिघडते. बहुधा कुठल्या उताऱ्यावरचा शेरा, हा प्रश्न असावा. माझी पीएचडी या गोंधळाच्या एका कोपऱ्यात आहे.

मी रोज करते काय, ते सांगते. मी ज्या पेशींवर काम करते त्या नाळेतून येतात. खरंच. बाळंतपण झालं की नाळ टाकून देतात, ती आईच्या लेखी संमतीने आम्हाला मिळते. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या असतात. शिरेत एन्झाइम भरून ठेवलं की आतलं अस्तर सुटतं आणि ते बशीत वाढवता येतं. ही पद्धत १९७३ ची. बाबांच्या जन्माचं वर्ष. योगायोगच, पण माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

बशीतल्या पेशी आधी भराभर वाढतात. दगडी फरशी बसवावी तशा एकमेकींना चिकटून. पण अनंत काळ नाही. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिकने दाखवलं होतं की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात आणि मग थांबतात. त्यांनी थांबायला सुरुवात केली की मला काम असतं. त्या फुगतात, पसरतात, तव्यावरच्या अंड्यासारख्या दिसतात. १९९५ मध्ये निघालेला एक रंग टाकला की म्हाताऱ्या पेशी निळ्या पडतात. तरुण पेशींचं आरएनए आणि या निळ्या पेशींचं आरएनए काढायचं, दोन्हींवरचे शेरे वाचायचे, आणि कुठला शेरा गेला, कुठला नवा आला ते बघायचं. एवढंच. एवढ्यात तीन वर्षं गेली. त्यातले चार महिने बशीत बुरशी झाली म्हणून. निकाल अजून छापले नाहीत, त्यामुळे ते इथे सांगणार नाही, सर ऐकतात हा पॉडकास्ट.

नाळ बघितली की मला दरवेळी आजी आठवते. आमच्याकडे नाळ पुरतात. बाबांची परड्यात लिंबाखाली पुरलीय. पहिल्यांदा तिला फोनवर सांगितलं की मी नाळेवर काम करते, तर ती घाबरली. "कुणाच्या गं? परत देती का न्हाई?" मी म्हटलं, आई सही करून देते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग नीट बघ."

आता तात्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. उपयोग काय? इथे मला सावध बोललं पाहिजे, कारण तुमच्यातले निम्मे जण आत्ता बी-१२ ची गोळी ऑनलाइन शोधत असतील. आईचं बी-१२ कमी, म्हणून मिथाइल कमी, म्हणून बाळाच्या नळ्यांमधल्या आरएनएवर शेरे कमी, म्हणून पन्नाशीच्या आत अर्धांग. ऐकायला साखळी सुरेख आहे. पण तिच्या एकेका कडीचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, कुठे माशात, कुठे बशीत, कुठे गावात. सगळी साखळी एका माणसात कुणी दाखवलेली नाही. आणि मोठ्यांना जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवण्याचे मोठे प्रयोग झालेत. २००६ मध्ये दोन प्रयोगांचे निकाल एकदम आले. होमोसिस्टीन उतरलं, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. अर्धांगाच्या बाबतीत थोडी आशा दिसली. २०१५ मध्ये चीनमध्ये बीपीच्या २०,७०२ रुग्णांवर प्रयोग झाला. बीपीच्या गोळीसोबत फॉलिक अॅसिड दिलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना पहिलं अर्धांग झालं, न दिलेल्यांपैकी ३.४ टक्क्यांना. फरक छोटा, पण खरा.

म्हणून काही जणांचं म्हणणं असं की पन्नाशीत नळी सुधारायला जाणं म्हणजे ऊस वाळल्यावर पाणी सोडणं. आधी द्यायला हवं. पुण्याच्या त्या अभ्यासाने तेच केलं. सहा गावांतली ती मुलं मोठी झाली, आणि २०१२ पासून त्यांनाच, आई-बाप व्हायच्या आधी, रोज थोडं बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. आईपासून मुलीपर्यंत आणि मुलीच्या मुलापर्यंत. एकाच अभ्यासाची तिसरी पिढी मोजणं जगात फार थोड्या ठिकाणी जमलंय. शिवाय हे जमलं ते घरोघरी फिरणाऱ्या, दर महिन्याला दार वाजवणाऱ्या बायकांमुळे. शोधनिबंधांच्या यादीत त्यांची नावं फारशी सापडत नाहीत, हे मला खटकतं.

तात्यांना यातलं एवढं सगळं त्या दिवाळीत सांगितलं नाही. चहा झाला. मी पिशवीतून बीपीचं मशीन काढलं, दोन हजारांचं, बारामतीतूनच घेतलेलं. आधी बाबांचं मोजलं, १३४, गोळी चालू आहे. मग तात्यांना म्हटलं, हात द्या. ते बाबांपेक्षाही बारीक आहेत, मनगटाची हाडं वर आलेली. "मला कशाला? मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी बाही वर केली. १६८ आलं. पाच मिनिटं बसवून परत मोजलं, १६४.

तात्या मशीनच्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या जाऊ या का गं, तू हायस तवर?"

गेलो आम्ही.

तुम्हीही घरातल्या बारीक माणसांचे आकडे घ्या आणि मला कळवा, नावं नकोत. पुढच्या भागात ठरल्याप्रमाणे उजनी. भेटू.